युरोपला निघालेली बॅग

नळदुर्गच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते. नववीला युरोप असायचा. सलग सोळा वर्षं मी फळ्यावर ऱ्हाईन नदी काढली आणि ती बारमाही आहे असं मुलींना सांगितलं. आमची बोरी नदी पौषातच धाप टाकायची. त्यामुळे बारमाही हा शब्द मुली पाठ करायच्या, पण त्यांच्या डोळ्यांत काही उमटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही उमटत नव्हतं. उन्हाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारी नदी एकदा डोळ्यांनी बघावी, एवढी एकच हौस मला होती. दागिन्यांची नव्हती, नाटकांची नव्हती. ही होती, आणि नळदुर्गात बसून ती पुरी होण्यासारखी नव्हती.

शहाऐंशी साली ती पुरी व्हायची वेळ आली, आणि ती म्हशींमुळे आली.

गावात बायकांची दूध सोसायटी निघाली होती. अध्यक्ष होत्या सरुबाई. त्यांच्या दोन म्हशींच्या दुधाला जेवढं फॅट लागायचं तेवढं तालुक्यात कुणाच्या दुधाला लागत नव्हतं, एवढ्या एका गुणावर बायकांनी त्यांना बिनविरोध निवडून दिलं होतं. निवडणुकीचा याहून चांगला निकष मी पुढं कुठं पाहिला नाही. सरुबाईंना अक्षर येत नव्हतं, तेव्हा मानद सचिव म्हणून बायकांनी मला निवडलं. माझ्या घरी म्हैस नव्हती. सचिवाला म्हैस असावी असं सोसायटीच्या नियमांत कुठं लिहिलेलं नाही, हे मी दोनदा वाचून बघितलं होतं.

फेब्रुवारीत दूध संघाचं पत्र आलं. हॉलंडमधल्या कुठल्याशा दूध संस्थेनं बोलावलं होतं. जिल्ह्यातल्या आठ जणांचा अभ्यासदौरा, चौदा दिवस, पाच देश, नऊ शहरं, सगळा खर्च त्यांचा. आमच्या सोसायटीतून अध्यक्ष आणि सचिव. शहरांच्या यादीत चौथं नाव कोलोन होतं. कोलोन ऱ्हाईनच्या काठावर आहे. त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि घरात कुणी काही बोललं नाही. म्हणजे पत्राची बातमी माझ्याआधी पोचली होती.

आमचे हे, म्हणजे रेवणप्पा, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जगातल्या कुठल्याही दोन गावांमधलं अंतर ते मैलांत मोजत नसत, गाडी कुठं बदलावी लागते त्यात मोजत. त्यांनी पत्र वाचून कानावरची पेन्सिल काढली.

"नऊ गावं, चौदा दिवस," ते म्हणाले. "मुक्कामाची किती आणि नुसती थांब्याची किती?"

"शहरं आहेत ती."

"शहराला पण स्टँड असतं की. ॲमस्टरडॅमहून कोलोनला थेट गाडी आहे, का मधे उतरायचं?"

मी म्हटलं, "ते लोक नेतील ना आपल्याला."

"नेणारे नेतील. चुकली तर पुढची कधी, ते आपल्याला माहीत पाहिजे."

मग त्यांनी माझ्या शाळेचा नकाशासंग्रह घेतला आणि प्रत्येक बदलीला एक तास राखीव धरून तक्ता केला. चौदा दिवसांचा दौरा एकोणीस दिवसांचा झाला. तो पुन्हा चौदात बसवण्यासाठी त्यांनी पॅरिस काढून टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, "हमरस्त्यावर नाही. आत जाऊन परत यावं लागतं." पॅरिसबद्दल असं मत ऐकण्याची ती माझी पहिली वेळ होती. लोहाऱ्याबद्दल ते नेहमी असंच बोलत.

शेजारीपाजारी येऊ लागले. सल्ला द्यायला युरोपची माहिती लागते असा आमच्या गल्लीत कुणाचा समज नव्हता. पश्चिमेला लागून ताहेराबीचं घर. तिनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "बाजी, तिकडं लोकां आंघोळ करत न्हाईत म्हणे. कागद वापरतेत. तुम्ही एक बालटी संगं ठिवा." त्याच बाजूला, तीन घरं सोडून राहणाऱ्या नर्स मालनबाई. त्यांनी सांगितलं की बादली नको, कळशी घ्या, कळशीला झाकण असतं. पुढच्या आठवड्यात बादली की कळशी यावर गल्लीत दोन पक्ष पडले. त्या साली टँकरच्या रांगेत बायका तासन्‌तास उभ्या असायच्या, तेव्हा विषयाला वेळेची कमी नव्हती. मला प्रत्यक्षात काय हवं आहे हे कुणी विचारलं नाही, आणि नदी बघायची आहे असं रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला सांगणं मला बरं वाटेना.

पासपोर्टच्या वेळी माझी एक समजूत खोटी ठरली. मला वाटायचं की ज्याच्याकडे कागद असतात त्याचं काम लवकर होतं.

माझ्याकडे सगळे कागद होते. शाळेच्या दाखल्यावर मी रुद्रम्मा होते, कारण माहेरी तेच नाव. लग्नात सासरच्यांनी जगदेवी ठेवलं. यात गैर काय हे मला आजही कळत नाही. आमच्या वेळच्या निम्म्या बायका अशा दोन नावांच्या आहेत. पण चौकशीला आलेल्या पोलिसानं मी शाळेत असताना ताहेराबीच्या दारात उभं राहून विचारलं, "रुद्रम्मा नावाची बाई इथं कुठं राहते?" दारात पोलीस, हातात कागद. ताहेराबीनं शेजारधर्म पाळला. "असली कोन बाई इथं न्हाय," ती म्हणाली, "आन कधी नव्हती." वर त्याला चहा पाजला. पोलिसानं तसा अहवाल पाठवला आणि मी या भूतलावर नाही असं सरकारी कागदावर ठरलं. ते खोडायला मला दोन प्रतिज्ञापत्रं, सरपंचांचा दाखला आणि मुख्याध्यापिकाबाईंची साक्ष लागली. मुख्याध्यापिकाबाईंनी लिहून दिलं, "सदर दोन्ही शिक्षिका एकच आहेत." हे वाक्य मला फारसं पटलं नाही, पण चाललं.

सरुबाईंकडे एकही कागद नव्हता. पोलिसानं जन्मसाल विचारलं तेव्हा त्या शेण काढत होत्या. "रझाकारांच्या वक्ताला म्या लुगडं नेसत होते," त्या म्हणाल्या. त्यानं बोटं मोजून अंदाजे बावन्न असं लिहिलं, पोलीस पाटलांनी, "हिला कोण ओळखत न्हाय?" एवढं म्हटलं, आणि सहा आठवड्यांत पासपोर्ट हजर. त्यांनी तो उघडूनही बघितला नाही. त्याच दुपारी संघाच्या जीपमधल्या साहेबाच्या हातात दिला. "तुमच्यापाशीच ठिवा, साहेब. माझ्या घरात म्हैस खाईल."

माझा पासपोर्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. त्यातल्या फोटोत मी रुद्रम्मासारखी दिसत होते.

निघायचं ठरलं वीस जूनला. मुंबईत आधी चार दिवस राहायचं, तिथं व्हिसाचे शिक्के मारून घ्यायचे, मग विमान. सगळं जुळलं होतं. आणि मग सिद्रामप्पा आले.

सिद्रामप्पा समोरच्या घरात राहत. निजामाच्या वेळी तहसिलीत कारकून होते, आता पंचांग बघत. पैसे घेत नसत, त्यामुळे त्यांना कुणी थांबवू शकत नव्हतं. त्यांनी वीस जूनवर बोट ठेवलं.

"अक्का, हा शुक्रवार आहे."

"हो."

"आणि युरोप कुठल्या दिशेला?"

"पश्चिमेला. वायव्य म्हणा."

"शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल. त्या दिवशी त्या दिशेला घर सोडायचं नाही."

मी म्हटलं, "अप्पा, पृथ्वी गोल आहे. पूर्वेकडून गेलं तरी युरोप येतो."

"येतो," ते म्हणाले, "पण तिकीट पश्चिमेचं आहे ना?"

भूगोलाची शिक्षिका म्हणून माझा दिशाशूलावर विश्वास नव्हता. पण चार महिने मी नसलेली बाई म्हणून काढले होते. असं झालं की माणूस शास्त्राच्या दोन्ही बाजूंना नमस्कार करून ठेवतो. शिवाय उपाय सोपा होता. चांगल्या मुहूर्तावर निघता येत नसेल तर प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगला दिवस बघून आपली बॅग, जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. बॅग निघाली की माणूस निघाला असं धरतात. मग स्वतः माणूस वाईट दिवशी निघाला तरी चालतं. अटी दोनच, की बॅग परत घरात आणायची नाही आणि निघेपर्यंत उघडायची नाही.

"त्यात महत्त्वाची वस्तू पाहिजे," सिद्रामप्पांनी बजावलं. "नुसती लुगडी भरून प्रस्थान होत नाही. ज्याच्यावाचून जाताच येणार नाही असं काहीतरी आत पाहिजे."

ज्याच्यावाचून जाताच येणार नाही अशी माझ्याकडे एकच वस्तू होती. बुधवारी सकाळी मी रेक्झिनच्या काळ्या बॅगेत चार साड्या, स्वेटर, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, यांचा तक्ता आणि सगळ्यात वर पासपोर्ट ठेवला, कुलूप लावलं आणि बॅग ताहेराबीकडे नेऊन ठेवली. कळशीही तिच्या शेजारी गेली. मालनबाईंचा पक्ष जिंकला होता.

गुरुवारी संध्याकाळी तार आली. कुठलीशी मंजुरी यायची होती. दौरा पुढं ढकलला, तारीख नंतर कळवू.

मी बॅग आणायला ताहेराबीकडे गेले. ती दारात उभी राहिली. "बाजी, अमानत हाय ती. तुम्हीच म्हणलाव परत आणायची न्हाय."

मी सिद्रामप्पांकडे गेले. ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. प्रस्थान मागं आणलं तर प्रवास मोडतो. पण ते सामान्य माणसाचं पाच दिवसच टिकतं. मांडलिकाचं सात. राजाचं दहा."

आता सहकारी सोसायटीची मानद सचिव ही यांपैकी कोण, हा प्रश्न उभा राहिला. आमचे हे म्हणाले, सामान्य. मला ते लागलं. मी निवडून आलेली होते, नेमलेली नव्हते. सिद्रामप्पांनी बराच विचार करून निर्णय दिला. लोकशाहीत अध्यक्ष राजाच्या जागी असतो, सचिव मांडलिक. म्हणजे सात दिवस. सरुबाईंना मी हे सांगितलं, तर त्या हसल्या.

"मला दहा व्हय? मग तुमी माझे तीन घ्या की, बाई. मला नगं त्ये. आमी छप्पन सालीच सोडलं समदं. मुहूर्त बी सोडला आन अमुशा बी."

"सरुबाई, मी काही मानत नाही तसं," मी म्हटलं. "पण ठेवलंच आहे तर—"

"तर ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "म्हशीला दृष्टमणी बांधतेतच की लोकं. दूध काय कमी देत न्हाय ती त्यामुळं."

सात दिवस संपले आणि तारीख आली नाही. सिद्रामप्पांनी त्यावरही तोड काढली. प्रस्थान मागं आणता येत नाही, पण पुढं नेता येतं. आणखी पश्चिमेच्या घरी सरकवलं की पुन्हा नवे सात दिवस मिळतात. बॅग मालनबाईंच्या क्वार्टरमध्ये गेली. तिथं ती दवाखान्याच्या औषधपेट्यांमध्ये होती आणि एकदा जवळजवळ पोलिओच्या डोसांबरोबर जळकोटला जाऊन आली असती. जळकोट पूर्वेला आहे. मालनबाईंनी वेळेवर पाहिलं म्हणून वाचली. कळशी मात्र त्यांनी टँकर आला तेव्हा वापरायला घेतली आणि ती पुढं त्यांच्याकडेच राहिली.

दुसरी तारीख आली, चार जुलै. तोही शुक्रवारच. मी शाळेत दुसरा रजेचा अर्ज दिला. तीही तारीख गेली. मग तिसरा. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "जगदेवीबाई, तुम्ही एकदाच काय ते जा बघू. बदली शिक्षिकेला मी किती वेळा नेमू?" भाच्याच्या साखरपुड्याला मी जुनी इरकल नेसून गेले, कारण चांगल्या चारही साड्या पश्चिमेला होत्या. तिथं एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "परत आलात पण युरोपहून? कसं वाटलं?" मी म्हटलं, कोरडं वाटलं.

मालनबाईंच्या पलीकडे घर नव्हतं. रस्ता होता, आणि रस्त्याला सोलापूरच्या बाजूनं रसूलभाईंचा ढाबा. सात दिवस भरले तेव्हा आमचे हे बॅग सायकलला बांधून रसूलभाईंकडे ठेवून आले. रसूलभाईंनी ती गल्ल्यामागं स्वतःच्या गादीवर ठेवली. ढाबा हमरस्त्यावर, म्हणजे बॅग वाटेलाच लागली, आता दिवस मोजायचे नाहीत, असं सिद्रामप्पांनी ठरवलं. स्टँडवर येता-जाता हे चौकशी करत. ढाब्यावर थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला रसूलभाई सांगत, "ही युरोपला चाललीय." ड्रायव्हर बॅगेकडे बघत चहा पीत.

"बाई," सरुबाई एकदा दूध घालताना म्हणाल्या, "तुमची बॅग तुमच्या आधी पोचतीय बघा."

चोवीस जुलैला, गुरुवारी, संध्याकाळी तार आली. उद्या सकाळी सहाला जीप येईल, तयार राहा. मला त्या संध्याकाळी बॅग आणून ठेवता आली असती. पण आणायची नाही असा नियम, आणि जीप ढाब्यावरूनच जाणार. पाच आठवडे पाळलेला नियम शेवटच्या संध्याकाळी कशाला मोडायचा, असं मला वाटलं. माझ्या आयुष्यात मी केलेल्या चुकांमध्ये ही सगळ्यात शिस्तबद्ध चूक.

सकाळी जीप आली. पुढं संघाचे साहेब, मागं आठांपैकी पाच जण आणि सरुबाई. त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर एक कापडी पिशवी होती, बस. गल्ली निरोप द्यायला उभी होती. ताहेराबीनं दुवा दिली. सिद्रामप्पांनी शुक्रवार असूनही काही चिंता नाही असं दोनदा सांगितलं. आमचे हे ढाब्यापर्यंत बरोबर आले.

रसूलभाई आम्हाला बघून पुढं आले. त्यांच्या चेहऱ्यावर, चांगलं काम केलेल्या माणसाचं असतं तसं समाधान होतं.

"भाभी, फिकर नका करू," ते म्हणाले. "बॅग काल दुपारीच रवाना केली."

"कुठं?"

"मुंबईला. आपल्या ओळखीचा ड्रायव्हर. एवढी लांबची जाणारी बॅग, इथं पडून राहिली, मला बघवेना. मी म्हणलं, जाऊ दे पुढं, भाभी मागून येतीलच."

"मुंबईत कुठं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"मुंबईतच."

"रसूलभाई, मुंबईत कुठं उतरवणार?"

रसूलभाईंनी क्षणभर विचार केला. "साहेब," ते म्हणाले, "ड्रायव्हर एकदम इमानदार आहे."

मी जीपमध्येच बसून होते. आमच्या ह्यांनी ट्रकचा नंबर विचारला, मालकाचं नाव विचारलं, सोलापुरात थांबतो का, पुण्यात माल उतरवतो का, सगळं पेन्सिलीनं लिहून घेतलं. ट्रक भिवंडीला जाऊन पुढं सुरतेला जाणार होता. संघाच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. व्हिसाचे कागद सोमवारी सकाळी द्यायचे होते. पासपोर्टशिवाय मुंबईला येऊन उपयोग नाही, असं त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं. गाडीतले बाकीचे लोक दुसरीकडे बघत होते. गाव आपल्या फजितीकडे टक लावून बघतं ते परवडतं, ते नजर वळवतं तेव्हा जास्त होतं.

मी खाली उतरले. सरुबाईही पिशवी घेऊन खाली उतरल्या.

"तुम्ही का उतरलात?" मी विचारलं.

"बाई न्हाय तर म्या बी न्हाय. म्या एकटी तिथं काय करू? मला वाचाया येत न्हाय का बोलाया येत न्हाय."

"सरुबाई, म्हशींचं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं त्या गाडीत कुणाला कळत नाही. बोलावलंय म्हशींसाठीच."

"आन म्हशी? आमची नणंद सिताबाई बघणार हुती. ती कालच पाय मुरगाळून बसलीय. म्या तवाच म्हणले, न्हाय जायचं. निस्तं तुमच्याकडं बघून निघाले."

साहेबांनी हॉर्न वाजवला. त्या रस्त्यावर ट्रक चालले होते, सगळे पश्चिमेला, कशातच माझी बॅग नव्हती. मला तेव्हा स्वतःचा राग आला होता का, ते आता आठवत नाही. एवढं आठवतं, की दोघीही ढाब्यावर उभ्या राहिलो तर कोलोनच्या पुलावर नळदुर्गचं कुणीच उभं राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"म्हशी मी बघते," मी म्हटलं.

सरुबाईंनी माझ्याकडे, मग आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. आमचे हे म्हणाले, "बघेल ती. रजा मंजूर आहे तिची."

"एक काम करा माझं," मी म्हटलं. "चौथ्या गावाला कोलोन आहे. तिथं मोठी नदी आहे. ती बघून या."

"नदी?" सरुबाई म्हणाल्या. "बरं. बघते." आणि त्या गाडीत बसल्या.

रजेचं खरंच तसं होतं. बदली शिक्षिका नेमून झाली होती, रजा आता रद्द होणार नाही, असं मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच लिहून दिलं होतं. त्यामुळे विदेश दौऱ्यासाठी मिळालेली रजा मी सरुबाईंच्या गोठ्यात भोगली.

म्हशींनी पहिल्या दोन दिवसांत मला दूध दिलं नाही. एकीनं बादली उलथवली, दुसरी नुसती उभी राहिली आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. शाळेत नवीन तपासनीस आले की मुली असंच बघतात. तिसऱ्या दिवशी सिताबाईंनी बाजेवरून सांगितलं, "वैनीचं लुगडं नेसा. वास घेतल्याबिगर ती पान्हा सोडत न्हाय." मग मी सरुबाईंचं न धुतलेलं हिरवं लुगडं नेसून पहाटे गल्लीतून जाऊ लागले. सिद्रामप्पा ओट्यावर असत. ते काही विचारत नसत. पंचांगात याला आधार नव्हता.

यांचा तक्ता बॅगेबरोबर गेला होता, पण तो मला पाठ होता. पावसानं त्या साली पाठ फिरवली होती; ॲमस्टरडॅमच्या दिवशी टँकरही आला नाही. तिसऱ्या शहराच्या दिवशी आला, पण त्यात माणसांचंच भागलं. म्हशींसाठी मी किल्ल्याच्या बाजूच्या विहिरीवर गेले आणि तळाचं गढूळ पाणी पोहऱ्यानं ओढून तीस घागरी भरल्या. म्हैस पाणी पिते तेव्हा मधे थांबत नाही. आपण ओतत राहायचं. कोलोनच्या दिवशी मी दुपारी गोठ्यातच बसून नकाशासंग्रह उघडला. निळी रेघ होती तिथंच होती. धाकट्या म्हशीनं पानाचा कोपरा खाल्ला, त्यात इंग्लंडचा थोडा भाग गेला.

सोसायटीत फॅट घसरलं. सचिवाच्या हातचं दूध म्हणून बायकांनी वहीत बघून मान हलवली, आणि ते आकडे मलाच लिहावे लागले.

शेवटच्या शहराच्या दिवशी हे स्टँडवरून लवकर आले आणि म्हणाले, "आज तुमचा परतीचा मुक्काम." तेव्हा मला कळलं की तेही दिवस मोजत होते.

बॅग गणपतीनंतर आली. भिवंडी, सुरत, अहमदाबाद आणि उलट असा तिचा प्रवास झाला. रसूलभाईंनी स्वतः आणून दिली. पासपोर्ट शाबूत होता, सगळी पानं कोरी. साड्यांना डिझेलचा वास होता. चटणीचा डबा रिकामा, धुऊन पुसून ठेवलेला. ड्रायव्हरनं निरोप पाठवला होता की कुलूप वाटेत आपोआप निघालं, आणि चटणीत लसूण अजून चालला असता.

पण ते नंतर. सरुबाई ऑगस्टच्या मध्यात परत आल्या. स्टँडवरून थेट गोठ्यात गेल्या, दोन्ही म्हशींच्या पाठीवरून हात फिरवला, थोरलीची कास बघितली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हातानं जोर लावताव तुमी. ओढायचं नसतं, बाई. सोडवून घ्यायचं असतं." मी बरं म्हटलं.

संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. अंगात कुणीतरी दिलेला लोकरीचा कोट होता, बाहेर ऊन मावळायचं होतं. मी चहा ठेवला. त्यांनी गोठे सांगितले, दूध काढायची यंत्रं सांगितली, गाईंच्या कानातले बिल्ले सांगितले. एका गोठ्यात त्यांनी गाईचं पोट दाबून साहेबाला सांगितलं होतं की ही चार दिवसांत विईल; ती तिसऱ्या दिवशी व्यायली आणि त्या लोकांनी पत्र पाठवून संघाला कळवलं. आमचे हे प्रत्येक शहराला गाडी कुठं बदलली ते विचारत होते. मी थांबून होते.

शेवटी मी विचारलं, "सरुबाई, कोलोनची नदी बघितली का?"

"कोलोन का काय ते ठावं न्हाय. पण एका गावात नदी बघितली." त्यांनी कप खाली ठेवला. "पुलावर गाडी थांबली. समदे त्यांच्या मोठ्या देवळाचे फोटो काढाया लागले. म्या कठड्यापाशी गेले, खाली बघितलं."

"रुंद किती होती?"

"तसलं मला न्हाय सांगता येत. ह्या काठाचं कुत्रं त्या काठावरून वळखू आलं नसतं." त्यांनी कोटाच्या बाह्या मागं सारल्या. "काठोकाठ पाणी, बाई. भर उन्हाळा, लोकं झग्याच्या बाह्या वर करून हिंडत हुते. आन कुणी बघत सुदिक न्हाय तिच्याकडं. एक बाई घागर घिऊन उभी न्हाय. टँकर न्हाय, रांग न्हाय, भांडण न्हाय. नुसतं जातंय आपलं पानी."

"मग?"

"मग काय. मला रडू आलं. साहेब म्हणला, बाईला घरची आठवण आली. म्या म्हणलं, व्हय."

आमच्या ह्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

दौऱ्याचा अहवाल संघाला द्यायचा होता. सरुबाईंनी सांगितला, मी लिहिला, त्यांनी अंगठा दिला. चारा, दूध, फॅट, गोठा, असे रकाने होते. नदीला रकाना नव्हता. मी 'इतर' खाली चार ओळी लिहिल्या; संघाकडून त्या लाल पेनानं काटून आल्या.

त्या वर्षी नववीला युरोप शिकवताना मी पुस्तक मिटलं आणि सरुबाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं. सहामाहीच्या पेपरात बारमाही नदीचं वर्णन विचारलं, तर एकवीस मुलींनी लिहिलं की ऱ्हाईन नदीला उन्हाळ्यात काठोकाठ पाणी असते आणि तिथे कोणीही घागर घेऊन येत नाही. पुस्तकात असं काही नव्हतं. मी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले.

मुख्याध्यापिकाबाईंनी लेखी खुलासा मागवला. मी एका ओळीत दिला, सचिव म्हणून सही केली आणि सोसायटीचा शिक्का मारला. लिहिलं होतं : सदर बाब आमच्या अध्यक्षांनी जागेवर जाऊन समक्ष पाहिली आहे.